निवारा मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी आमचा एक निवारा आहे. त्याच्या वार्षिक अहवालात एक पान ठरलेलं असतं. वर्षागणिक उंच होत जाणारे स्तंभ: किती बायका राहून गेल्या, किती मुलं, किती खाटा, मदतवाहिनीवर किती फोन. अहवाल हातात पडला की देणगीदार आधी तेच पान उघडतात आणि "छान, काम वाढलंय" म्हणतात. मी कार्यकारिणीत आहे, त्यामुळे अशा वेळी हसून मान डोलावणं ओघानेच येतं. पण काम वाढलंय म्हणजे नेमकं काय झालंय, हे त्या पानावरून मला कधीच कळलेलं नाही.

आकडा वाढला म्हणजे मारहाण वाढली, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. नव्या दवाखान्यात गर्दी होते ती दर वेळी साथ आली म्हणून नसते. तिथे डॉक्टर बसतो हे लोकांना उशिरा कळलेलं असतं, तसंच हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, कधी ना कधी जोडीदारासोबत राहिलेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २७ टक्क्यांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. चौघींत एक. या हिशेबापुढे आमचे स्तंभ कुठल्या कुठे! ते फार तर आमच्या दाराची रुंदी सांगतात.

माझ्या मते निवारा वाढतो तो त्याला पडणाऱ्या प्रश्नांनी. पहिल्या दिवशी एकच प्रश्न असतो, आज रात्री ही कुठे झोपणार? त्याचं उत्तर मिळतं ना मिळतं तोच दुसरा उभा राहतो, आणि एक दिवस असा येतो की चार भिंतींच्या आत ज्याचं उत्तरच नाही, असा प्रश्न निवाऱ्याला पडतो: घर हिनेच का सोडायचं? तिथपर्यंत पोचायला कुठल्याही संस्थेला बरीच वर्षं लागतात. काही पोचतच नाहीत.

गंमत म्हणजे सुरुवातीचे बरेचसे निवारे इमारतीपासून सुरूच झाले नव्हते. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात काही जणींनी १९७२मध्ये फक्त एक फोन चालू केला. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी यांबद्दल कायद्याची माहिती द्यायची, एवढाच बेत. पलीकडून मात्र विचारणा व्हायची, की ते सगळं ठीक आहे, पण आत्ता जाऊ कुठे? मग फोन घेणाऱ्यांनीच आपापल्या घरात बायकांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. 'विमेन्स ॲडव्होकेट्स'चं स्वतंत्र घर उघडलं ते १९७४मध्ये. लंडनच्या चिझिक भागातलं, १९७१मधलं एरिन पिझी आणि तिच्या सोबतिणींचं छोटं घरही मुक्कामासाठी नव्हतंच. आसपासच्या बायकांनी यावं, बसावं, बोलावं म्हणून ते घेतलेलं होतं. मार खाल्लेली एक आली, तिला परत पाठवणं जमलं नाही, मग दुसरी आली. सिडनीत तर १९७४च्या मार्चमध्ये ॲन समर्स आणि इतर जणींनी ग्लीब भागातली चर्चच्या मालकीची दोन रिकामी घरं सरळ घुसून ताब्यात घेतली आणि कुलपं बदलली. 'एल्सी' या नावाने तो निवारा प्रसिद्ध झाला. टोरांटो १९७३, ॲमस्टरडॅम १९७४, पश्चिम बर्लिन १९७६, व्हिएन्ना १९७८. पाचसात वर्षांत इतक्या ठिकाणी दारं उघडली.

यांत चिझिकची गोष्ट मला सारखी आठवते. कोणालाही परत पाठवायचं नाही, हे पिझीचं तत्त्व. मोठं घर मिळालं तरी तेही भरलं. स्थानिक प्रशासनाने ३६ जणांची मर्यादा घालून दिली होती, आणि आत त्याहून कितीतरी जास्त बायकामुलं जमिनीवर गाद्या टाकून झोपत होती. प्रकरण कोर्टात गेलं, अगदी हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, आणि निकाल तिच्या विरोधात लागला. कागदावर प्रशासनाचं चूक नव्हतं. आग लागली असती तर? पण दाराशी उभ्या असलेल्या बाईला 'आमची मर्यादा ३६ आहे' असं तोंडावर सांगणार कोण? पुढे पिझीचे आणि स्त्रीवादी चळवळीचे मार्ग कायमचे वेगळे झाले आणि तिची नंतरची बरीचशी मतं मला साफ नामंजूर आहेत. तरीही बैठकीत 'क्षमता' हा शब्द आला की मला चिझिकच्या त्या गाद्या आठवतात.

आमचा निवारा या सगळ्यांच्या मानाने बराच धाकटा. सुरुवात उसन्या दोन खोल्या, एक फोन आणि आळीपाळीने रात्र काढणाऱ्या काही बायका एवढ्यावर झाली. तेव्हाची प्रवेशवही अजून कपाटात आहे. तीत नाव, वय, मुलं, कोणाकडून कळलं या रकान्यांनंतर शेवटचा रकाना आहे 'सामान'. तो वाचत गेलं की सगळा इतिहास कळतो. 'एक प्लॅस्टिकची पिशवी. मुलीचं दप्तर. चष्मा नाही.' 'काही नाही. अनवाणी.' 'दोन बॅगा, कागदपत्रं सगळी.' ही शेवटची बाई कितीतरी महिने मनात तयारी करत असणार, हे त्या एका ओळीवरून समजतं. काही नोंदींपुढे 'चार्जर नाही' असं लिहिलंय. घाईत निघताना फोन घेतला जातो, चार्जर भिंतीलाच राहतो. फोन बंद पडला की आईशी, वकिलाशी, कामाच्या जागेशी असलेला संबंध तुटतो. पहिल्या देणगीतून आम्ही काय घेतलं असेल? निरनिराळ्या चार्जरांचा एक डबा. त्या डब्यासाठी कोणी प्रकल्प प्रस्ताव लिहिला नव्हता.

ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पुस्तक यांतलं काही मागे राहिलं की कार्यकर्तीचे पुढचे कित्येक दिवस दुय्यम प्रती मिळवण्यात जायचे. त्यातून लक्षात आलं, की निवाऱ्याचं काम बाई घराबाहेर पडण्याच्या आधीच सुरू व्हायला हवं. फोनवरच तिला विचारायचं: कागद कुठे असतात? त्यांचे फोटो काढून कोणाकडे ठेवता येतील? रात्री निघावं लागलं तर कुठलं दार? मुलांना काय सांगून ठेवलंय? बाहेर पडायचं की नाही हे ती ठरवेल. पण ठरवलं तर मोकळ्या हाताने निघावं लागू नये, एवढं आपण बघायचं. आज आमच्या मदतवाहिनीवर बोलणाऱ्या कित्येक जणी निवाऱ्यात कधी येतच नाहीत. अहवालाच्या स्तंभात त्यांची दखल जेमतेम घेतली जाते.

दुसरी शिकवण कॅलेंडरची. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने १९८५च्या सुमारास जिवाचा धोका जोखण्याची एक पद्धत तयार केली. आता तीत वीस प्रश्न आहेत: गेल्या वर्षभरात मारहाण वाढत गेली का, त्याच्याकडे बंदूक आहे का, गळा कधी आवळला का, मारून टाकीन म्हणाला का, तुम्ही वेगळ्या झालात का. प्रश्नांच्या आधी बाईपुढे वर्षाचं कॅलेंडर ठेवतात आणि घटना घडल्या त्या तारखांवर खुणा करायला सांगतात. मी हे शेजारी बसून पाहिलं आहे. बाई आधी म्हणते, तसं फार नाही हो ताई, वर्षातनं एखाददोनदा. पेन हातात धरून बसते. मग मुलाच्या वाढदिवसाचा महिना येतो, तिथे एक खूण होते. त्या खुणेला लागून परीक्षेचा आठवडा आठवतो. मग ती स्वतःच मागची पानं उलटायला लागते, थांबते, पुढे जाते. शेवटच्या पानांवर खुणा दाट व्हायला लागतात, आणि हे तिला कोणी सांगावं लागत नाही. समुपदेशक त्या वेळी गप्प बसते. तेच तिचं कौशल्य. अमेरिकेतल्या अकरा शहरांचा २००३मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या वा मरता मरता वाचलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना त्याच्याकडून आपल्या जिवाला धोका आहे याचा नीट अंदाजच आलेला नव्हता. जोडीदाराच्या हातात बंदूक असेल तर जीव जाण्याचा धोका सुमारे पाच पट. आणि वेगळं होण्याचा काळ तर सगळ्यांत घातक. 'मग ती निघून का जात नाही?' असं जे सहज विचारतात, त्यांना एकदा ते कॅलेंडर दाखवावंसं वाटतं.

आता नियमांबद्दल. यावर मी जरा जास्तच बोलते अशी कार्यकारिणीत तक्रार आहे, पण असू दे.

निवारा वाढला की नियम वाढतात. आमची नियमावली एका कागदावरून चांगली चौदा पानांवर गेली होती. प्रत्येक नियमाला जन्मकथा असते. कोणीतरी रात्री उशिरा परतली आणि दार उघडायला कोणी जागं नव्हतं, म्हणून रात्री नऊनंतर बाहेर जायचं नाही. कोणाच्या तरी मुलाच्या हाती गोळ्यांची पट्टी लागली, म्हणून औषधं कार्यालयात जमा. कोणीतरी फोनवर पत्ता सांगून बसली, म्हणून सगळ्यांचेच फोन जमा. घटना एकदा घडलेली, नियम कायमचा. भांडी, न्हाणीघर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या यांच्या पाळ्या वेगळ्याच. नवी बाई आली की थकलेल्या, सुजलेल्या चेहऱ्याने ती चौदा पानं ऐकायची आणि खाली सही करायची. एकीने सही करता करता म्हटलं, "ताई, आमच्या घरी पण असंच होतं. फक्त लिहून लावलेलं नव्हतं."

त्यानंतरची बैठक फार वादळी झाली. बाजू दोन्हीकडून मांडल्या गेल्या. अनोळखी दहा बायका, वीस मुलं, एक स्वयंपाकघर. नियमांशिवाय चालणार कसं? आणि जिने उठायचं कधी, बोलायचं कोणाशी, खर्च किती करायचा यासाठी वर्षानुवर्षं परवानगी मागितली, तिला आपण दार उघडून आत घेतो ते पुन्हा परवानगी मागायला? अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या निवाऱ्यांच्या महासंघाने याच प्रश्नावर काम केलं होतं. तिथल्या निवाऱ्यांनी ठरवून नियम कमी केले. बाईला बाहेर जाण्यायेण्याची वेळ ठरवू दिली, औषधांसाठी प्रत्येकीला स्वतःच्या किल्लीचा कप्पा दिला, कामाच्या सक्तीच्या पाळ्या बंद केल्या. आभाळ कोसळावं असं काही झालं नाही. कार्यकर्त्यांचा पहाऱ्यात जाणारा वेळ मात्र वाचला.

आम्हीही कापत गेलो. एकदम नाही, काही जणींना ते आजही पटलेलं नाही. उरलं ते एवढं: इथे कोणी कोणावर हात उचलायचा नाही, मुलांवरही नाही; इथे कोण राहतं हे बाहेर सांगायचं नाही; रात्री येणार नसाल तर कळवा, कारण आम्हाला काळजी वाटते. भांड्यांवरून भांडणं होतात ती होतातच. ती चौदा पानांच्या काळातही होत होती.

नियमांचं मूळ पैशातही असतं. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या निवाऱ्याला सरकारी किंवा एखाद्या मोठ्या न्यासाचं अनुदान मिळालं की पहिल्यांदा सगळे पेढे वाटल्यागत खूश होतात. मग अर्ज येतो. 'लाभार्थी संख्या', 'सरासरी मुक्काम', 'यशस्वी पुनर्वसन'. जी बाई नवऱ्याकडे परत गेली तिला कुठल्या रकान्यात बसवायचं? अर्जात 'अयशस्वी' हा एकच पर्याय होता. आमची जुनी कार्यकर्ती तिथे आडवं लिहायची: 'परत गेली. अधूनमधून फोन करते.' लेखापरीक्षकाला ते चालत नसे. मला विचाराल तर आमच्या संस्थेत लिहिलं गेलेलं सर्वांत नेमकं वाक्य तेच. परत जाणाऱ्या बऱ्याच जणी पुन्हा येतात. दुसऱ्यांदा येताना कागदपत्रं बरोबर असतात. त्या बाईची फाईल बंद करायची नाही, तिला 'सांगितलं होतं ना' म्हणायचं नाही, हे शिकायला संस्थेला खाटा वाढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पण म्हणून जुन्या, फाटक्या, वर्गणीच्या दिवसांची आरती ओवाळणाऱ्यांतली मी नाही. त्या काळात रात्रपाळी करणाऱ्या बायका वर्षा-दोन वर्षांत पार मोडून जायच्या. दिवसा नोकरी, रात्री फोन, मध्येच पोलीस ठाणं. त्याला 'समर्पण' म्हणायची पद्धत होती, आणि समर्पणाला पगार द्यावा लागत नाही. अनुदानामुळे पगार आले, रजा आल्या, आजारपण आलं. म्हणजे आजारी पडायची मुभा आली. हे सगळं हवंच होतं. फक्त पगाराबरोबर शिक्षणाची अटही आली, आणि ज्या बाईने स्वतः इथे राहून पुढे इथलाच फोन सांभाळला, तिच्याकडे पदवी नाही म्हणून ती 'साहाय्यक'च राहिली. आरंभीच्या निवाऱ्यांत राहणारी आणि चालवणारी यांत फारसं अंतर ठेवायचं नाही असा आग्रह होता. आठवड्याच्या बैठकीत सगळ्या मिळून ठरवायच्या. ते नेहमी जमत होतं असं नाही. पण मोठं होताना सर्वांत आधी गळतं ते हेच.

आणि पैसा देणारा हात धोरण बदलतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण एल्सीच आहे. १९७५मध्ये तिला ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचा पैसा मिळाला आणि त्याच वाटेने देशभर निवारे उभे राहिले. २०१४मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने बेघरांसाठीच्या सेवांची फेररचना केली, छोट्या स्वतंत्र संस्थांची कामं मोठ्या संस्थांकडे एकवटली, आणि एल्सी चालवण्याचं काम सेंट व्हिन्सेंट द पॉल या कॅथलिक धर्मादाय संस्थेकडे गेलं. चर्चच्या रिकाम्या घरात घुसून सुरू झालेल्या निवाऱ्याचं हे चाळीस वर्षांनी! नवी संस्था वाईट काम करते असं मला म्हणायचं नाही. निविदा भरण्यात मोठी संस्था छोटीवर मात करणारच, एवढंच. निविदेत शेजारपाजारच्या ओळखीला, मध्यरात्री किल्ली घेऊन धावत येणाऱ्या माणसांना गुण नसतात.

मुलांचं काय? निवारे 'बायकांचे' म्हणून सुरू झाले, पण बऱ्याच निवाऱ्यांत पाहिलं तर डोकी मुलांचीच जास्त. आमच्याकडेही आधी मूल म्हणजे आईच्या नावापुढचा आकडा होता. शाळा बुडाली, रात्री अंथरूण ओलं होतंय, थोरला मुलगा बापाच्याच आवाजात आईवर ओरडतोय, हे सगळं आईच्या फाईलमध्ये एका ओळीत. पुढे खेळघर आलं, मुलांसाठी वेगळी समुपदेशक आली, शाळांशी बोलून दाखला नसतानाही मुलांना वर्गात बसू द्यायची सोय झाली. कायद्यालाही हे उशिराच सुचलं. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या कौटुंबिक अत्याचारविषयक कायद्याने पहिल्यांदा म्हटलं, की घरातली हिंसा पाहणारं, ऐकणारं, भोगणारं मूल स्वतःच पीडित आहे. चिझिकनंतर पन्नास वर्षांनी. मात्र बऱ्याच निवाऱ्यांत मुलगा वयात आला की त्याला आत घेत नाहीत. म्हणजे आईने लेकीला घेऊन आत यायचं आणि मुलाला नातेवाइकांकडे किंवा त्याच घरात ठेवायचं. अशा अटीपुढे कितीतरी जणी उंबऱ्यावरूनच मागे फिरतात. आम्ही ती अट काढली ती एक बाजूची खोली स्वतंत्र दाराची झाल्यावर. त्याआधी तत्त्व कितीही पटलं तरी न्हाणीघर एकच होतं.

पत्त्याचं गुपित ही आणखी एक बदलत गेलेली गोष्ट. पाटी नाही, टॅक्सी कोपऱ्यावर सोडायची, पत्रव्यवहार टपालपेटीतून. त्या गुपिताने जीव वाचवले आहेत यात शंका नाही. पण त्याची किंमतही होती: मैत्रीण भेटायला येऊ शकत नाही, मुलाला मित्र घरी आणता येत नाही, आणि राहणारीच लपून बसलेली. आता तर गुपित ठेवणंच कठीण झालंय. फोनमधलं ठिकाण दाखवणारं ॲप, मुलाच्या खेळण्यात शिवलेलं नाण्याएवढं यंत्र, सामाईक खात्यावरचा टॅक्सीचा हिशेब. प्रवेशाच्या वेळी पूर्वी आम्ही जखमा बघायचो, आता जखमांबरोबर फोनच्या सेटिंग्जही बघतो. नेदरलँड्समधल्या 'ऑरेंज हाऊस' पद्धतीने उलटाच मार्ग धरला: इमारत दिसेल अशी, पत्ता जाहीर, आणि सुरक्षितता कुलूप, कॅमेरे, पोलिसांशी थेट संपर्क यांवर सोपवलेली. ज्यांच्या जिवाला टोकाचा धोका आहे त्यांच्यासाठी गुप्त जागा वेगळी. मला हा विचार आवडतो. पण दाराबाहेर उभा राहून शिव्या देणारा माणूस एकदा पाहिला की आवडणं आणि धीर होणं यांतलं अंतर कळतं.

निवाऱ्याचा खरा कस लागतो तो स्वतःच्या कुंपणाबाहेर जाताना. अमेरिकेतल्या डुलुथ या लहानशा शहरात १९८१मध्ये पोलीस, सरकारी वकील, न्यायालय आणि निवारा यांनी एकमेकांशी जोडून काम करायचं ठरवलं. तिथल्या बायकांशी झालेल्या बोलण्यातून १९८४मध्ये ते चक्र तयार झालं, जे आज कित्येक समुपदेशन केंद्रांच्या भिंतीवर दिसतं: मध्यभागी सत्ता आणि ताबा, आऱ्यांवर पैसा, धमक्या, एकटं पाडणं, मुलांचा वापर, पाणउतारा, आणि बाहेरच्या धावेवर मारहाण. मार हा रोजचा नसतो, ताबा रोजचा असतो, हे बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या. कोणीतरी ते ऐकून कागदावर काढलं. ऑस्ट्रियातल्या निवाऱ्यांच्या बायकांनी तर सरळ 'घर हिनेच का सोडायचं?' या मूळ प्रश्नालाच हात घातला. तिथे १९९७मध्ये कायदा लागू झाला, की पोलीस हिंसा करणाऱ्यालाच ताबडतोब घराबाहेर काढू शकतात आणि काही दिवस त्याला तिथे फिरकायला मनाई करू शकतात, घर त्याच्या मालकीचं असलं तरी. वॉशिंग्टन राज्यात २००९पासून तिसराच प्रयोग झाला: बाईला निवाऱ्यात आणण्याऐवजी तिच्या स्वतःच्या घरासाठी पैसा द्यायचा. अनामत, थकलेलं भाडं, बदललेलं कुलूप, दुरुस्त केलेली गाडी, जे तिला लागेल ते.

या सगळ्याचा आमच्या कार्यकारिणीत सध्या चालू असलेल्या वादाशी थेट संबंध आहे. एक मोठी देणगी आली आहे. वर मजला चढवून आणखी खोल्या बांधाव्यात असं बहुतेकांचं मत. मी भाडेनिधीच्या बाजूची. तेवढ्या पैशात कितीतरी जणींना कुलूप बदलून, दोनचार महिन्यांचं भाडं भरून स्वतःच्या घरी राहता येईल; मुलांची शाळा, कामाची जागा, शेजार काहीच सुटणार नाही. मी ऑस्ट्रियाचं सांगितलं, वॉशिंग्टनचं सांगितलं, आणि मला वाटलं मी बऱ्यापैकी बोलले.

मग रात्रीचा फोन सांभाळणारी ताई तिची वही घेऊन उभी राहिली. 'जागा नाही' म्हणून सांगावं लागलेल्या प्रत्येक फोनची ती नोंद ठेवते. तिने भाषण केलं नाही, गेल्या महिन्याची पानं वाचली: तारीख, वेळ, मुलं किती, कुठे पाठवलं. काही ओळींत शेवटचा रकाना कोराच होता. अमेरिकेतल्या निवाऱ्यांची दरवर्षी एका दिवसाची गणना होते. २०१९च्या त्या एका दिवसात अकरा हजारांहून अधिक मागण्या पुऱ्या करता आल्या नव्हत्या आणि त्यांतल्या बहुतांश राहण्याच्या जागेसाठीच्याच होत्या. 'कौन्सिल ऑफ युरोप' या युरोपातल्या देशांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दर दहा हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा हवी. भाडेनिधी ज्या बाईचा नवरा ऐकेल, घाबरेल, पोलिसांना जुमानेल तिच्यासाठी. जो कुलूप बदलल्यावर दार तोडेल, त्याच्या बायकोला आज रात्री खोलीच लागते. ताईचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं चूक नव्हतं. अशा वेळी बैठक लांबते.

शेवटी ठरलं ते असं. मजला होईल, पण आधी ठरवलेल्यापेक्षा निम्म्या खोल्यांचा. प्रत्येक खोलीला स्वतःची शेगडी आणि आतून लागणारी कडी. एक खोली चाकाच्या खुर्चीला वळता येईल इतकी रुंद आणि तळमजल्यावर, कारण आजवर अशा बाईला आम्ही फोनवरच नाही म्हणत आलो आहोत. उरलेला पैसा भाडेनिधीत, आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत पूर्वी इथे राहून गेलेल्या दोघीजणी असतील, पदवी असो वा नसो. नकाशे आले आहेत. न्हाणीघरं चार की सहा यावरून अजून जुंपलेली आहे, आणि खजिनदार सहाला अजिबात तयार नाहीत.